चालू माल

गिअरबॉक्स पास झाला की त्याच्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं 'चालू' लिहायचं आणि नापास झाला की 'बंद', असा पडेगावच्या त्या पत्र्याच्या शेडमधला कायदा होता. कायदा कडुबांनी केलेला. कडुबांना लिहिता येणारे शब्द एकूण तीन : स्वतःचं नाव, चालू आणि बंद. चाळीस वर्षं त्यांनी जालना रोडवरच्या एका गॅरेजात गाड्यांची पोटं उघडली आणि पुन्हा शिवली. तिथल्या बोर्डावर मात्र नाव होतं मालकाच्या वडिलांचं, आणि त्या बापड्याला सायकलसुद्धा धड चालवता येत नव्हती. त्यामुळे स्वतःच्या नावाची गरज कडुबांना पगाराच्या सहीपुरतीच पडली. बाकीचे दोन शब्द त्यांनी हजारो वेळा लिहिले असतील.

आता मात्र शेडवर बोर्ड होता : 'कडुबा आणि लेक, जुने ऑटो पार्ट'. पेंटर म्हणाला होता, "काका, कडुबा अँड सन टाकू का? भारी दिसतं."

"सन नाय आपल्याला," कडुबा म्हणाले. "लेक हाय. खोटं कशाला लिहायचं?"

लेक म्हणजे सुलेखा. वय बेचाळीस. नवरा राजेंद्र एसटीत ड्रायव्हर, पैठण गाडीवर. तो गाडी चालवायचा आणि ही गाड्या खोलायची, असा त्यांचा संसार. वैजापूर, पैठण, गंगापूरकडच्या पासिंगची मुदत संपलेल्या जीपा ती रीतसर मोडीत घ्यायची आणि त्यांचे पार्ट वेगळे करायची. जे चांगले निघतील ते आफ्रिकेला, दार-एस-सलामला जायचे. तिकडं आपल्याच बनावटीच्या जीपा पुष्कळ, आणि स्टेअरिंगही आपल्यासारखंच उजव्या हाताला.

तपासणीची तऱ्हा कडुबांची होती. बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची मोटर त्यांनी लोखंडी घोडीला जोडली होती. गिअरबॉक्स घोडीवर चढवायचा, पट्ट्यानं फिरवायचा आणि एकेक गिअर टाकत जायचं. मग कडुबा लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला लावायचे, मूठ कानाच्या हाडाला टेकवायचे आणि डोळे मिटायचे. माणसांचं बोलणं त्यांना हल्ली निम्मंच ऐकू यायचं, आणि त्याचं त्यांना फारसं दुःखही नव्हतं. पण बेअरिंगची कुरकुर त्यांच्या कानातून सुटायची नाही. ते डोळे उघडून मान हलवायचे, तेव्हाच डब्यातला ब्रश बाहेर निघायचा.

सहा वर्षं हा सगळा माल सोमनाथशेठच्या नावानं परदेशी गेला. सोमनाथशेठचं ऑफिस शहरात, एसीचं. ते स्वतः कधी शेडमध्ये आलेच तर दारात उभे राहायचे, बुटाला तेल लागू नये म्हणून. त्यांचा पोऱ्या यायचा, 'चालू'वर त्यांच्या कंपनीचं चकचकीत स्टिकर चिकटवायचा आणि माल न्यायचा. परदेशातल्या गिऱ्हाइकांना शेठ सांगत, टेस्टिंग आमच्या लॅबमध्ये होतं. लॅब म्हणजे ही गिरणीची मोटर आणि शास्त्रज्ञ म्हणजे कडुबा! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो नागोबासुद्धा निदान बिळात जाऊन बसतो.

यंदा सुलेखानं स्वतःच्या नावाचा निर्यातीचा परवाना काढला आणि पहिला कंटेनर स्वतः भरला. बासष्ट गिअरबॉक्स. त्याच दिवशी सोमनाथशेठ चहाच्या टपरीवर चार लोकांत म्हणाले, "पडेगावची ती बाई दिसती साधी, पण लई चालू निघाली." कप खाली ठेवायच्या आत बातमी शेडमध्ये पोचली. बाईला चालू म्हणतात त्याचा अर्थ काय ते सांगायला शब्दकोश लागत नाही. राजेंद्र तावातावानं उठला, तेव्हा सुलेखा म्हणाली, "तुम्ही पैठणची गाडी वेळेवर न्या. हे माझं मी बघते." म्हणाली खरी, पण त्या दिवशी तिनं जेवणाचं ताट तसंच बाजूला सारलं.

पाच आठवड्यांनी, एका मंगळवारी दुपारी, दार-एस-सलामहून जयंतीभाईंचा फोन आला. जयंतीभाई मूळ कच्छमधल्या मांडवीचे, सोमनाथशेठचं जुनं गिऱ्हाईक. तीस वर्षांपासून तिकडं पार्टांचं दुकान चालवत होते.

"बेन, ये क्या भेजा आपने?"

"का भाई? काय झालं?"

"हर नग पे लिखा है, चालू. मैं मांडवी का हूँ बेन, इतना तो पढ़ लेता हूँ. चालू माल मतलब हलका माल. ये तो आपने अपने हाथ से लिखके दिया! मैं उतारूँगा नहीं."

सुलेखाला आधी हसू आलं, आणि मग घाम फुटला. चालू म्हणजे काय, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. पडेगावात चालू म्हणजे चालणारा. बाजारात चालू म्हणजे हलका, कसाबसा खपवायचा. सहा वर्षं तो शब्द शेठच्या स्टिकरखाली झाकलेला होता. यंदा स्टिकर गेलं आणि शब्द उघडा पडला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"भाई, चालू मतलब चलनेवाला," तिनं समजावलं. "वर्किंग."

"ऐसा सब बोलते हैं, बेन. परसों तक देखो, नहीं तो वापस."

आणि फोन बंद झाला. कंटेनर परत आला तर पुढचा कंटेनर भरायला तिच्याकडं काही उरणार नव्हतं. म्हणजे बोर्ड उतरवायचा आणि पुन्हा स्टिकरखाली जायचं.

तासाभरात सोमनाथशेठ हजर. जयंतीभाईंनी जुन्या ओळखीनं त्यांनाही फोन केला होता. या वेळी ते दारात थांबले नाहीत, आत येऊन बसले. स्टूल पुसून बसले, हे खरं.

"ताई, धंद्यात असं होतं. मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. "जयंतीभाईला मी सांभाळतो. तिथं माझा माणूस आहे. तो थिनरनं ते चालू-बिलू पुसून टाकील, माझं स्टिकर लावील, माल उतरून जाईल. फक्त कागद माझ्या नावावर करा. आणि इथून पुढं आपलं पहिल्यासारखं."

"माल तोच, नुसतं स्टिकर तुमचं," सुलेखा म्हणाली.

"नावाला किंमत असते ताई." शेठ हसले. "उद्या संध्याकाळी उत्तर घ्यायला येतो. विचार करा."

नाक दाबलं की तोंड उघडतं, हे शेठना चांगलं माहीत होतं. आणि सुलेखानं खरंच विचार केला. उगाच शूरपणाच्या गोष्टी कशाला सांगायच्या? ती घाबरली होती. कागद त्यांच्या नावावर केले तर शेड राहील, घर चालेल, असं तिच्या मनात चांगलं दहा मिनिटं घोळलं. मग मागच्या बाजूनं थिनरचा वास आला.

कडुबा पुढच्या खेपेसाठी लावून ठेवलेल्या गिअरबॉक्सपाशी उकिडवे बसले होते. हातात चिंधी. एकावरचा 'चालू' पुसून झाला होता, दुसऱ्यावरचा अर्धा पुसला होता. 'चा' गेलेला, 'लू' राहिलेला.

"आबा, हे काय करायलात?"

"माझ्या अक्षरामुळं झालं नव्हं?" कडुबांनी वर बघितलं नाही. "शेठ म्हणत व्हते ते ऐकलं म्या. निम्मंच ऐकलं, पर ते कळलं. तुझं नुकसान नगं पोरी. पुसून टाकतो. मला कुठं दुसरं लिहायला येतंय?"

सुलेखाला संताप आला. चाळीस वर्षं दुसऱ्याच्या बोर्डाखाली राबलेला माणूस. त्याचे तीन शब्द. त्यातला एक आता त्याच्याच हातानं पुसून घ्यायचा? तिनं चिंधी हिसकावली आणि थिनरचा डबा उचलून फळीवर पार वर ठेवला.

"एक अक्षर पुसायचं नाय आबा. चुकीचं लिहिलंय का?"

"नाय."

"बासष्टमधला एक तरी बंद हाय का?"

कडुबांना राग आला. बऱ्याच दिवसांनी आला. "म्या मान हलवली व्हती ना?"

"मग झालं तर."

तिनं तिथंच उभ्या उभ्या जयंतीभाईंना फोन लावला. हिंदी मोडकी होती, पण आवाज मोडका नव्हता.

"भाई, आप अपने हाथ से एक नग निकालो. सबसे खराब दिखनेवाला. आपके मिस्त्री से, आपकी गाडी में बिठाओ. मेरे सामने, व्हिडिओ पे. चला नहीं, तो पूरा कंटेनर आपका. फुकट."

"बेन, सोच के बोल रही हो?"

"लिहिलंय तेच बोलतेय," ती मराठीतच म्हणाली, आणि ते जयंतीभाईंना नेमकं कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोबाइल गिरणीच्या मोटरला टेकवून ठेवला. राजेंद्रनं ड्यूटी बदलून घेतली होती. तो शेजारी येऊन बसला. पडद्यावर दार-एस-सलामचं गॅरेज, एक धुळकट जीप आणि तिच्या पोटाला लावलेला गिअरबॉक्स. जयंतीभाईंनी खरोखरच सगळ्यांत गंजका निवडला होता. पाठीवर कडुबांचा 'चालू', त्याचा ऊकार शेपटीसारखा लांब ओढलेला. तिथल्या मिस्त्रीनं तो आधीच चढवत आणला होता. शेवटचे बोल्ट आवळले, तेल भरलं, गाडी सुरू केली. पहिला गिअर पडला, दुसरा पडला, रिव्हर्स पडला. सुलेखानं राजेंद्रचं मनगट धरलं.

गाडी गॅरेजबाहेर निघाली, तिसरा पडला, आणि आवाज सुरू झाला. खर्र, खर्र, खर्र. फोनमधूनसुद्धा स्वच्छ ऐकू येत होता.

"देखो बेन," जयंतीभाई म्हणाले. त्यांना आनंद झालेला नव्हता, हे मात्र सांगायला हवं. "आवाज़ है. मैंने बोला था."

सुलेखाचं पाणी पाणी झालं. तेवढ्यात कडुबांनी हात पुढं करून मोबाइल ओढून घेतला आणि कानाच्या हाडाला टेकवला, स्क्रू-ड्रायव्हरची मूठ टेकवायचे तसाच. डोळे मिटले.

"त्याला म्हण, गिअर काढ. न्यूट्रल कर आन् गाडी तशीच पळू दे."

सुलेखानं सांगितलं. मिस्त्रीनं न्यूट्रल केलं. गाडी उतारानं तशीच पळत राहिली, आणि खर्र-खर्र तशीच चालू राहिली.

"गिअर काढला तरी आवाज हाय. ह्यो आपला नाय," कडुबा डोळे न उघडता म्हणाले. "आपला बिचारा गुमान बसलाय. मागचा क्रॉस गेलाय त्यांचा, चाकाकडं जाणाऱ्या शाफ्टाचा सांधा. गाडी त्यांची हाय, तिचं दुखणं आपल्या माथी का?"

सुलेखानं तसंच्या तसं हिंदीत सांगितलं, फक्त 'बिचारा' वगळला. गाडी थांबली. मिस्त्री खाली शिरला, शाफ्ट हातानं हलवून बघितला, बाहेर आला आणि त्याच्या भाषेत काहीतरी बोलून जोरात हसला. जयंतीभाई हसले नाहीत. ते कॅमेऱ्याजवळ आले.

"ये किसने सुना? फोन पे?"

"माझ्या वडिलांनी. तुमच्या बासष्टच्या बासष्ट नगांवर त्यांचंच अक्षर आहे."

"आज तक सोमनाथभाई के माल पे भी...?"

"स्टिकर काढून बघा, भाई. खाली तेच असेल."

गॅरेजात मागच्या मांडणीवर शेठचा एक जुना नग पडलेला होता. जयंतीभाईंनी नखानं स्टिकर खरवडलं. खाली तोच लांब शेपटीचा ऊकार निघाला.

"माल उतार रहा हूँ, बेन. सीधा आपके नाम से," ते म्हणाले. "बस, अगली बार से ओके लिखना. यहाँ लोग ग़लत समझते हैं."

"नहीं भाई. चालूच लिहिणार. लोगों को सही समझाओ."

जयंतीभाई आता हसले. बापाची जिद्द दिसतेय, असं काहीतरी गुजरातीत पुटपुटले आणि त्यांनी फोन ठेवला. राजेंद्रनं आपलं मनगट चोळलं. तिथं चार बोटं उमटली होती.

संध्याकाळी ठरल्याप्रमाणे सोमनाथशेठ उत्तर घ्यायला आले. शेडसमोर दौलताबाद रोडला गाडी उभी करून बघतात तो काय, कडुबा शिडीवर चढलेले, सुलेखा खाली शिडी धरून उभी, आणि गेटच्या पत्र्यावर, बोर्डाच्या बरोबर खाली, हातभर उंचीचा पांढरा 'चा' ओला चमकत होता. आता 'ल' निघत होता. शेठना पुढचं अक्षर ओळखायला वेळ लागला नाही.

"अहो ताई," ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "दुकानाच्या दारावर हे? बाईमाणसाचं दुकान. लोक काय म्हणतील?"

"म्हणतच होते की शेठ. टपरीवर तुम्हीच म्हणलात." सुलेखानं शिडी सोडली नाही. "आता येताजाता वाचतील."

वरून कडुबांनी विचारलं, "पोरी, ऊकार केवढा काढू?"

"मोठा काढा, आबा. रस्त्यावरून दिसला पाहिजे."