मागच्या सीटचा रिपोर्ट

परीक्षकाने एकोणीस वर्षांत दोनशेच्या वर मोटरसायकली चालवून बघितल्या आणि प्रत्येकीवर मासिकात दोन-दोन पानं लिहिली. त्या पानांच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं असायचं: 'मागे बसणाऱ्यालाही आरामदायी.' मागे बसणारी म्हणजे त्याची बायको. तिला कसं वाटलं हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. त्यात विचारायचं काय? बाई पडली नाही, ओरडली नाही, घरी आल्यावर तिने चहाही टाकला, म्हणजे आरामदायीच की.

पण मासिकात नवा संपादक आला. वय चाळिशीच्या आत, स्वतः गाड्या चालवणारा, आणि बोलायला इतका गोड की ऐकणाऱ्याने आधी खिसा चाचपून बघावा. त्याने परीक्षकाला बोलावून सांगितलं की या वेळी दोन गाड्यांची तुलना करायची आहे. एक लांबच्या प्रवासाची अवजड टूरर, दुसरी हलकी क्रूझर. आराम कुणात जास्त आणि हाताळायला सोपी कोण, एवढंच बघायचं. दोघींना एकाच रस्त्याने न्यायचं, धरणापर्यंत आणि परत. आणि हो, मागच्या सीटबद्दल या वेळी वहिनींनीच लिहायचं, त्यांच्या शब्दांत, अर्धं पान. परीक्षक उठायला लागला तेव्हा संपादक हळूच म्हणाला की गुडघ्याचं कानावर आलंय, मोठ्या गाड्या जड जात असतील तर संकोच करू नका, स्कूटरचं सदर रिकामंच आहे.

स्कूटर. ज्या माणसाने 'पाय ठेवायला फळी हवी असेल तर घरी आरामखुर्ची आहे' असं छापून आणलं, त्याला स्कूटर! परीक्षक हसत हसत बाहेर आला आणि जिन्यात कठडा धरून उभा राहिला. गुडघा खरोखरच दुखत होता.

त्याहून मोठी काळजी बायकोची होती. ती तीस वर्षं रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला. जे दिसेल ते लिहायचं, कमी नाही, जास्त नाही. एकदा सख्ख्या दिराने कानात सांगितलं होतं की वहिनी, साखर जरा बेताचीच दाखव. तिने होती तेवढीच दाखवली. तेव्हापासून दीर तिच्याशी तोलूनमापून बोलतो. अशी बाई मागच्या सीटवर वही घेऊन बसणार म्हटल्यावर परीक्षकाची झोपच उडाली.

पहिला दिवस टूररचा. गाडी कसली, चालतं-फिरतं कपाटच ते. वजन पावणेचारशे किलो. पुढे वारा अडवायला भली मोठी काच, मागे पाठ टेकायला गादी आणि दोन्ही बाजूंना हात ठेवायला हातसुद्धा. बायको चढून बसली आणि 'बरं आहे' म्हणाली, तर परीक्षकाला वाटलं, जिंकलो. गल्लीतून बाहेर पडताना पहिल्याच वळणावर गाडी डाव्या अंगाला कलली, तेव्हा त्याने पाय रोवून कशीबशी सावरली आणि घामाघूम झाला. पण हमरस्त्याला लागल्यावर गाडी अशी धावली की विचारू नका. मागे तर एवढी शांतता होती की बायको उतरलीबितरली की काय म्हणून त्याने आरशात बघितलं. ती झोपली होती.

धरणावर गाड्या लावायची जागा भिंतीकडे उतरत जाते. तिथे पाच-सात मोटरसायकलवाले गप्पा मारत उभे होते. त्यातल्या एकाने परीक्षकाला ओळखलं, दुसऱ्याला कोपर मारलं, आणि आमच्या परीक्षकाची छाती फुगली. त्याने ऐटीत गाडी खाली घेतली आणि नाक थेट भिंतीला भिडवून उभी केली. जड गाडी नाक उताराकडे करून कधीही लावू नये, ती मागे ओढता येत नाही, हे त्याने स्वतः मासिकात सहा वेळा तरी लिहिलंय. लिहिणं वेगळं.

दोघं पाणी बघून परतले तेव्हा मोटरसायकलवाले गेले होते. परीक्षकाने गाडी मागे ओढायला घेतली. ती हलेना. आता या गाडीला रिव्हर्सचं बटण होतं, हँडलच्या उजव्या हाताला, ठळक अक्षरांत. पण 'ज्याला रिव्हर्स लागतो त्याने कार घ्यावी' हेही त्यानेच लिहिलेलं. बायको शेजारी उभी. ती म्हणाली, "ते बटण कसलं आहे?" तो म्हणाला, "बघ तू नुसती." आणि डाव्या बाजूने जोर लावला. गुडघ्याने तेवढ्यात हात टेकले, म्हणजे गुडघाच तो, वाकला, आणि पावणेचारशे किलोचं ते धूड सावकाश, अगदी सभ्यपणे, पलीकडे आडवं झालं.

काही मोडलं नाही. गाडीच्या दोन्ही बाजूंना पडझडीसाठी लोखंडी दांडे असतात, त्यांवर ती टेकली होती. मोडला तो परीक्षकाचा तोरा. लाजेने आणि रागाने त्याला रडू यायचं तेवढं बाकी होतं. तो फोन काढून कुणाला बोलवावं याचा विचार करू लागला, तेवढ्यात बायकोने पर्स भिंतीवर ठेवली आणि पदर खोचला.

"आधी तो स्टँड बाहेर काढा, म्हणजे उभी झाली की पलीकडे जाणार नाही. मग गियरमध्ये टाका. आता गाडीकडे पाठ करा, सीटला टेकून खाली बसा, आणि पायांनी मागे रेटत उठायचं. कंबरेने नाही."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"तुम्ही. अकरा वर्षांपूर्वी, पावसाळी अंकात."

त्याने तो लेख एका परदेशी पुस्तकातून उचलला होता आणि स्वतः कधी करून बघितलं नव्हतं. दोघं पाठ लावून बसले, रेटत रेटत उठले, आणि गाडी उभी राहिली. मग बायकोनेच ते बटण दाबायला लावलं. गाडी घरघरत आपली आपण मागे आली.

दुसऱ्या दिवशी क्रूझर. ही सव्वादोनशे किलोची, बुटकी, पाय आरामात जमिनीला टेकणारी. गल्लीतलं वळण कधी आलं नि कधी गेलं, कळलंसुद्धा नाही. मागची सीट मात्र शाळेच्या वहीएवढी. खड्डा आला की बायको उडायची, सावरून बसायची, पुन्हा उडायची. धरणावर परीक्षकाने गाडी एका झटक्यात फिरवली आणि नाक वर करून लावली. बघायला कुणी नव्हतं, तरी लावली.

संध्याकाळी बायकोने जेवणाच्या टेबलावर पट्टीने रकाने आखले, अर्धा तास लिहिलं आणि कागद त्याच्यापुढे सरकवून ती कपडे आवरायला गेली. परीक्षकाने आपला लेख आधीच तयार ठेवला होता. त्यात टूररबद्दल 'वजन मुळीच जाणवत नाही' असं वाक्य होतं. खोडायचं लाल पेन हातात घेऊन तो वाचू लागला.

'टूरर. सीट: उत्तम. कंबर: दुखली नाही. झोप: अकरा मिनिटं. गाडी पडली: एकदा, उभी असताना. उचलली: दोन माणसांनी, वय अठ्ठावन्न आणि पंचावन्न. पद्धत याच मासिकातली, बरोबर आहे. रिव्हर्सचं बटण: आहे, वापरावं.

क्रूझर. सीट: वाईट. कंबर: दुखते आहे. झोप: शक्य नाही. पडली: नाही.'

पेन 'गाडी पडली'वर टेकलंच होतं. एक रेघ मारली की झालं, स्कूटर टळली. पण खाली अजून दोन ओळी होत्या.

'चालक. टूररवर: खांदे वर, मान ताठ, बोलत नाही. क्रूझरवर: गुणगुणतो. नऊ वर्षांनी ऐकलं.

निष्कर्ष: बसायला टूरर चांगली. मी क्रूझर घेईन.'

परीक्षकाने त्या ओळी दोनदा वाचल्या. मग त्याने चष्मा काढून पुसला.

"मी गुणगुणतो?" त्याने आतल्या खोलीकडे बघत विचारलं.

"गुणगुणायचात."

"मग कंबर दुखते हे इतक्या वर्षांत कधी बोलली का नाहीस?"

"विचारलंत कधी?"

लाल पेनाने त्याने स्वतःच्या लेखातलं 'वजन मुळीच जाणवत नाही' खोडलं. शेवटचं ते ठरलेलं वाक्यही खोडलं. बायकोच्या कागदाला हात लावला नाही. दोन्ही पाठवून दिले आणि स्कूटरच्या तयारीला लागला, म्हणजे तोंड पाडून बसला.

अंक निघाला. त्याची दोन पानं कापून अर्धं झालं होतं आणि तिचं अर्धं मोठ्या अक्षरांत दोन पानं व्यापून बसलं होतं. संपादकाचा फोन आला नाही. आली ती पुढच्या महिन्याची गाडी ताब्यात घ्यायची पावती. पुन्हा मोटरसायकलच होती, स्कूटर नव्हती. परीक्षकाने सुटकेचा श्वास टाकला आणि मग रकाने वाचले. 'परीक्षक' या शब्दापुढे बायकोचं नाव होतं. त्याचं नाव त्याखाली, 'चालक' म्हणून.

पावती खिशात घालून तो गाडी आणायला निघाला. गाडी घेऊन परतला तेव्हा फाटकापाशी बायको हेल्मेट काखेत धरून उभी होती, दुसऱ्या हातात वही. ती मागे बसली. पहिल्या वळणावर तो गुणगुणायला लागला. मुद्दाम नव्हे. मागे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला, तेव्हा त्याने मान वळवून विचारलं, "बरी बसलीस ना?"