आधी ओदिलला

आमच्या गावात मोटारी फिरकत नाहीत, याचं पूर्वी कुणाला कौतुक नव्हतं. डांबरी रस्ता खालून, खोऱ्यातून वळसा घेऊन जातो. वर चुनखडीच्या माळावर राहते ती मेंढ्यांची जुनी वाट. दोन्ही बाजूंना रचलेल्या दगडांचे गडगे, मधे पांढरी खडी आणि खुरटे ओक. मेंढ्या गेल्या, वाट ओस पडली. मग शहरातल्या कुणीतरी ती नकाशात शोधून काढली आणि उन्हाळा लागला की जाड टायरच्या सायकली घेऊन माणसं यायला लागली. आम्ही त्यांना खडीवाले म्हणतो. सकाळपासून एकही मोटार भेटली नाही, हे ते मला इतक्या आनंदानं सांगतात, की जणू मीच सगळ्या मोटारी अडवून ठेवल्या होत्या. मी आपली हो हो म्हणते. गावातलं एकुलतं एक कॉफीचं दुकान माझं, पावही माझ्याकडेच मिळतो, आणि खडीवाल्यांना भूक राक्षसी लागते.

आन्सेल्मला मात्र ते डोळ्यांसमोर नको असायचे. आन्सेल्म माझा शाळेतला सोबती, जन्मभर मेंढपाळ. ती वाट त्याच्याच मेंढ्यांच्या खुरांनी मळलेली. पण त्याचा खरा राग वाटेवरून नव्हता, नळावरून होता. वाट गावात उतरण्याआधी दफनभूमीच्या भिंतीला लागून जाते. जिथे दफनभूमी तिथे फुलझाडांसाठी नळ असायचाच, हे इथला प्रत्येक सायकलवाला जाणतो. माळावर दुसरं पाणी नाही. म्हणून सगळे तिथेच थांबायचे, बाटल्या भरायचे, नळाखाली डोकं घालून घोड्यासारखे फुरफुरायचे. आणि नळापासून तिसरी कबर ओदिलची होती. ओदिल म्हणजे आन्सेल्मची बायको. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती.

"माणसं निजलीत तिथे अंघोळी करतात!" तो माझ्या दुकानात येऊन ओरडायचा. "त्या तंग चड्ड्या घालून! ओदिलसमोर!"

"ओदिलला आवडलं असतं," मी म्हणायचे. "तिला चांगल्या पोटऱ्या कळत होत्या. तुझ्या बघून तर लग्न केलं तिनं."

यावर तो पाव उचलून निघून जायचा. एकदा तर त्यानं कमाल केली. वाटेवरचे छोटे लाकडी बाण रातोरात उलटे फिरवून ठेवले. दिवसभर खडीवाले काटेरी झुडपांत शिरून ओरबाडून घेत होते आणि शेवटी माझ्याकडे येऊन औषध मागत होते. आमच्या महापौरबाईंनी त्याला बोलावून झापलं. वाऱ्यानं फिरले असतील, म्हणाला. खिळे ठोकलेले बाण!

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर त्याचा खुबा गेला. ऑगस्टच्या सुरुवातीला काओर शहरातल्या इस्पितळात ऑपरेशन, मग महिनाभर तिथल्याच आरामगृहात. ऑपरेशनची त्याला भीती नव्हती. भीती होती ती जिरेनियमची.

ओदिलच्या कबरीवर एक कुंडी होती. त्यातलं लाल जिरेनियम तिच्या आईच्या खिडकीतलं. लग्न होऊन येताना तिनं एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. दर वर्षी फांद्या तोडून नवी रोपं करायची, खिडक्या भरून टाकायची. ती गेल्यावर आन्सेल्म ते करत राहिला. पण गेल्या हिवाळ्यात तो तापानं अंथरुणाला खिळला, रोपं घरात घ्यायची राहिली आणि थंडीनं एका रात्रीत सगळी जळाली. वाचलं ते एकच. ते त्यानं तिच्याजवळ नेऊन ठेवलं. रोज संध्याकाळी अर्धी झारी पाणी घालायला तो वर चढायचा, खुबा दुखत असला तरी.

"कोण घालणार पाणी?" त्यानं मला विचारलं. दुकानात कुणी नव्हतं. इतका लहान आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता.

मूलबाळ त्यांना नाही. माझे गुडघे त्या चढावर जात नाहीत. गावचा सफाईवाला ऑगस्टभर समुद्रावर, महापौरबाईही समुद्रावर. ऑगस्टमध्ये अख्खा देश सुट्टीवर, मरायचीसुद्धा सोय नाही. आणि त्या वर्षी जूनपासून पावसाचा थेंब नव्हता.

"खडीवाल्यांना सांग," मी म्हणाले.

"त्यांना?"

"रोज तिथे थांबतात. हातात पाणी असतं. तिसरी कबर आहे, नळापासून."

"अगं, ती माणसं स्वतःच्या आईच्या कबरीला पाणी घालत नाहीत, माझ्या बायकोला कशाला घालतील? त्यांचं सगळं लक्ष त्या मनगटावरच्या घड्याळात."

"मग मरू दे जिरेनियम."

हे मी मुद्दाम बोलले, पण बोलल्याबरोबर वाईट वाटलं. त्याचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी तो एक फळी घेऊन आला. शेळ्यांच्या गोठ्याची जुनी फळी, त्यावर पांढऱ्या रंगानं शाळेतल्यासारखी वळणदार अक्षरं: 'ओदिलला पाणी घाला. लाल फुलांची कुंडी. मी इस्पितळात आहे. तिचा नवरा.'

"'कृपया' कुठाय?" मी विचारलं.

त्यानं तोंड वाकडं करून एका कोपऱ्यात 'कृपया' कोंबलं. मग म्हणाला, "किती पाणी ते नाही लिहिलं. दहातला एक घालेल. त्याला किती घालायचं ते घालू दे."

फळी आणि झारी नळाला टांगून तो इस्पितळात गेला.

त्यानंतर रोज संध्याकाळी त्याचा फोन. ऑपरेशन नीट झालं, जेवण भयंकर आहे, शेजारचा म्हातारा घोरतो, हे सगळं दोन वाक्यांत आटपायचं आणि मग, "विचारलंस का?"

मी विचारायचे. कॉफी देताना प्रत्येकाला विचारायचे, "वर नळावर थांबलात? ओदिलला घातलंत?" आणि सगळे म्हणायचे, घातलं. लांब ब्रेतान्यहून आलेला एक दाढीवाला म्हणाला, घातलं. दोन बेल्जियन बहिणी म्हणाल्या, घातलं, आणि फुलांचा फोटो दाखवला.

"खोटं बोलतात," आन्सेल्म फोनवर म्हणायचा. "तुझ्या तोंडावर कोण नाही म्हणेल? तुला सगळं गाव घाबरतं."

मलाही तसंच वाटायचं. निम्मे तरी शरमेनं हो म्हणत असतील, असं धरून मी चालले होते.

सप्टेंबरच्या मध्यात तो परत आला. इस्पितळाची टॅक्सी आधी माझ्या दाराशी थांबवली. "बस," म्हणाला. "आधी वर जाऊ." डांबरी रस्त्यानं लांबचा वळसा घालून आम्ही दफनभूमीच्या मागच्या फाटकाशी पोचलो. तो दोन काठ्यांवर, मी माझ्या गुडघ्यांवर. ड्रायव्हर कंटाळून गाडीतच बसला.

लांबूनच मला पाणी चकाकताना दिसलं. सगळा माळ भाजून पिवळा पडला होता आणि ओदिलच्या दगडाभोवती हिरवंगार शेवाळ चढलं होतं. कुंडी काठोकाठ भरलेली. वर पाणी साचलं होतं आणि मधे जिरेनियम काळं पडून लोळलं होतं. देठ हाताला लागताच लगदा झाला.

आन्सेल्म शेजारच्या कबरीवर बसला, काठ्या बाजूला ठेवल्या आणि रडायला लागला. मी त्याला ओदिलच्या अंत्ययात्रेतही रडताना पाहिलं नव्हतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिले, बस.

तेवढ्यात खडी वाजली. एक मुलगी एकटीच आली, घामानं आणि पांढऱ्या धुळीनं माखलेली. सायकल भिंतीला लावली, ओठ सुकलेले, नळाशी गेली. आणि स्वतःची बाटली भरण्याआधी तिनं झारी भरली. भरलेली झारी घेऊन ती थेट आमच्याकडे आली आणि कुंडी बघून थांबली.

"अरे देवा," ती म्हणाली. "मेलं का हो?"

"बुडालं," मी म्हणाले.

"पण... आजोबा, तुम्ही तिचे नवरे?" तिला लगेच कळलं. "तूलूझ शहरातल्या आम्हा सायकलवाल्यांत सगळ्यांना माहीत आहे. या वाटेवरचा नियमच आहे तो. त्या नळावर आधी ओदिलला, मग आपण. कितीही तहान लागली तरी."

"सगळे?" आन्सेल्मनं विचारलं.

"मी तरी कुणी चुकवलेलं ऐकलं नाही."

"दहातला एक धरला होता मी," तो म्हणाला. मला म्हणाला की ओदिलला, मला कळलं नाही. "एवढी माणसं आली तिच्याकडे. आणि मी अर्धी झारी लिहायला विसरलो."

विसरला नव्हता तो. त्याला वाटलंच नव्हतं, की लिहावं लागेल.

मुलगी गुडघ्यांवर बसली. तिनं काळा लगदा अलगद बाजूला सारला, बोटांनी शोधत राहिली. "हे बघा," ती म्हणाली. कुंडीच्या काठावरून बाहेर लोंबणारी एक फांदी होती. तळाशी काळी, पण टोकाला दोन पानं, करंगळीच्या नखाएवढी, हिरवी. आन्सेल्मनं खिशातला मेंढपाळाचा चाकू काढला. मुलीनं फांदी धरली आणि त्यानं कापली. आता ती ठेवायची कशात? मुलीनं सायकलीवरची तिची बाटली आणली, झाकण काढलं, तळाशी बोटभर पाणी घेतलं आणि त्याच्यापुढे धरली.

"मग तू काय पिणार, पोरी?"

"खाली दुकान आहे ना," ती म्हणाली.

"आहे," मी म्हणाले. "आणि आज तुझ्याकडून कुणी पैसे घेणार नाही."

बाटली पोटाशी धरून तो टॅक्सीत बसला. ती आता माझ्या खिडकीत आहे, कारण त्याच्या घरापेक्षा माझ्याकडे ऊब जास्त. मुळं फुटली आहेत. तो रोज येऊन बघतो आणि मी जास्त पाणी घालते म्हणून भांडतो.

फळी त्यानं उतरवली नाही. रंगाचा डबा घेऊन पुन्हा काओरच्या टॅक्सीनं वर गेला, उन्हात तासभर उभा राहिला, आणि जुन्या अक्षरांखाली नवीन लिहून आला. या वेळी 'कृपया' सगळ्यांत आधी होतं:

'कृपया, ओदिलला पुरेसं मिळालं. आता ज्यांचं कुणी येत नाही त्यांना घाला. अर्धीच झारी.'