उजव्या हाताचं माप

आपल्या ग्लोव्हच्या कारखान्यात वहिनींनी उजव्या ग्लोव्हची शिवण उसवली आणि आतला फोम बाहेर ओढला. समोर स्टुलावर हॉकी संघाचा गोलकीपर बसला होता. सगळं शहर त्याला 'भिंत' म्हणायचं. या भिंतीचं मधलं बोट सुजून जांभळं पडलं होतं.

सरावात चेंडू लागला, असं त्याने सांगितलं. बोट वळत नव्हतं, स्टिक धरवत नव्हती. आत एक कडक पट्टी घालून बोट स्टिकभोवती अडकवून द्या, एवढंच त्याचं मागणं होतं.

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"दाखवलं तर दुसरा उभा राहील, वहिनी."

तो दुसरा गोलकीपर दुसऱ्याच कारखान्याचे ग्लोव्ह घालायचा. भिंतीने ते सुचवण्यासाठी म्हटलं नव्हतं, तरी वहिनींचा हात थांबला.

संघाला माल पुरवणं म्हणजे हत्ती पोसणं होतं. प्रत्येक खेळाडूचा हात वेगळा, नखरे वेगळे. जोडीमागे मजुरीसुद्धा सुटायची नाही. नवरा गेल्यावर वहिनींनी हे बंद करू म्हटलं, तेव्हा दिराने त्यांना समजावलं होतं, की पोरं दुकानात जाऊन 'भिंतीचे ग्लोव्ह' मागतात, म्हणून आपली चूल पेटते. भिंत गोलात दिसली नाही, तर मागच्या खोलीत छतापर्यंत रचलेल्या खोक्यांना कुत्रं विचारणार नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असला हा धंदा.

"अजून एक फटका बसला तर बोट कायमचं जाईल," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे."

पुढच्या मोसमाचा करार व्हायचाय, नुकतंच घर घेतलंय, बहीण शिकतेय, असं तो सांगत राहिला. बोलताना त्याची नजर वहिनींच्या चेहऱ्यावरून हलत नव्हती.

दीर आत डोकावला. त्याने बोट पाहिलं आणि कडक पट्ट्यांचा डबा टेबलावर ठेवून तो निघून गेला.

वहिनींनी पट्टी कापली. कडा घासून गुळगुळीत केल्या, वर मऊ कापड चढवलं, जास्तीचा फोम भरला. इतकं जीव लावून त्यांनी बऱ्याच दिवसांत काही शिवलं नव्हतं. ग्लोव्ह चढवताना त्याने ओठ दाताखाली धरला. मग स्टिक उचलून दोनदा फिरवली. बोट जागचं हललं नाही.

"बसतंय ना?"

"अगदी."

तो उठला, पण दाराशी घुटमळला.

"बाकी सगळे हो म्हणणार हे मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "तुम्ही तरी नाही म्हणाल, असं वाटलं होतं. म्हणून आधी तुमच्याकडे आलो."

आतून दिराचा आवाज येत होता. तो फोनवर कुणा दुकानदाराला सांगत होता, की माल वेळेत पोचेल, काळजी नको.

वहिनींनी पुढे होऊन भिंतीचा ग्लोव्हमधला हात हातात घेतला. तो थांबून राहिला. त्यांनी मनगटावरचा पट्टा सोडला, क्षणभर तसाच धरला, आणि पहिल्यापेक्षा घट्ट ओढून लावला.