डबी आणि ढग

मी डबी बोलतेय. खरं तर हार्ड डिस्क, पण या प्रयोगशाळेत सगळे मला डबीच म्हणतात. जरा हळू बोला, त्या भिंतीवरच्या राउटरचा मला भरवसा नाही.

माझ्या पोटात आवाज आहेत, हळूहळू घसा निकामी करणाऱ्या एका आजाराच्या पेशंटांचे. डॉक्टरीणबाईंचं हे संशोधन, आणि आवाज टिपून घ्यायचं काम त्यांच्या मदतनीस ताईचं. मोठ्या माणसाला नावानं हाक मारणं ताईच्या जिभेला जमतच नाही. "हं, शिंपीकाका, लांब 'आ' म्हणा," असं तिचं सुरू.

त्यातच एक गाण्याच्या बाई. दार लावल्याशिवाय तोंड उघडायच्या नाहीत. "शिष्यांना कळलं तर शिकवणीच बंद पडेल हो. हे बाहेर नाही ना जाणार?"

"कुलपात असतं, बाई." ते कुलूप म्हणजे माझ्या कपाटाचं. मला केवढा अभिमान!

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सगळं क्लाउडवर ठेवू. देशोदेशीचे संशोधक एकत्र ऐकतील, औषध लवकर सापडेल."

क्लाउड म्हणे! ढगाला कुलूप कुठे लावायचं? आणि ढग म्हणजे तरी काय, कुणाच्या तरी खोलीत मांडलेले माझेच भाऊबंद. भाऊबंदांना मी चांगली ओळखते.

"नावं काढलीत," ताई म्हणाली. तक्त्यातून काढली होती, खरंच. पण प्रत्येक आवाजाच्या सुरुवातीला ताईचीच प्रेमळ हाक होती, "हं, गाण्याच्या बाई..." गावात गाण्याच्या बाई आहेत कितीशा? नाव हवंय कुणाला!

मला ओरडता येईना. केबल जोडली तशी मी अडून बसले. कुरकुरले, तापले. "म्हातारी झाली ही डबी," डॉक्टरीणबाई वैतागल्या. ताईनं तपासायला हेडफोन लावून एक फाइल कशीबशी चालवली, आणि कपाळाला हात लावला. "अगं बाई! मीच सगळ्यांना सांगत सुटलेय की!"

मग गाण्याच्या बाईंना आणि बाकीच्यांनाही बोलावून सगळं सांगितलं, पुन्हा विचारलं. मला वाटलं, बाई नाहीच म्हणणार. त्यांनी आधी उठून दार लावलं. मग खरखरत म्हणाल्या, "माझा आवाज जाऊ दे, कुणाच्या तरी कामाला येईल. हाक तेवढी ठेवून घ्या."

हाका कापून आवाज आता तिकडे चढवलेत, माझ्यातले पुसलेत. ढगावर माझा अजून विश्वास नाही, तुम्हीही पटकन ठेवू नका. कुणाचं काही वर चढवण्याआधी एकदा कान देऊन ऐका, आणि ज्याचं त्याला विचारा.

माझ्याकडे नुसत्या कापलेल्या हाका उरल्यात. बाईंचा गळा आता पुरता बंद झालाय. पण इथे कपाटात ताई अजून म्हणतेय, "हं, गाण्याच्या बाई, म्हणा आता." आणि पुढे काहीच ऐकू येत नाही.