डॅडींसाठी उंच केलेली गाडी

माझ्या भावाची मला किळस येते. ती जुनीच आहे, पण गाडी निवडायला गेलो त्या दिवशी तिला धार चढली.

हॉयटचं आवार हायवेला लागून आहे. दक्षिण अलाबामातले गोल्फ क्लब आपल्या जुन्या विजेच्या गाड्या त्याच्या गळ्यात मारतात आणि तो त्या शिकाऱ्यांच्या गळ्यात मारतो. हरणाच्या शिकारीला विजेची गाडी चांगली, कारण तिला आवाज नसतो आणि पेट्रोलचा वासही नसतो. जाड टायर बसवायचे, बंदूक अडकवायला आकडे, मेलेलं हरीण टाकायला मागे फळी, वरून झाडपाल्यासारखा रंग, की झाली जंगलात न्यायची गाडी.

गाडी हवी होती डॅडींना. मार्चमध्ये साखरेपायी त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला, आता ते नकली पायावर चालतात. वय चौऱ्याहत्तर, आणि साठ वर्षांत हंगामाचा पहिला दिवस या माणसाने एकदाही चुकवलेला नाही. पाय नसलेल्याला उभ्या गाडीतून शिकार करायचा परवाना मिळतो, तो त्यांनी जूनमध्येच आणून फ्रिजवर चिकटवला होता. आवारात शिरताना त्यांनी आम्हा दोघांना बजावलं, "गाडी कसलीही घ्या. पण मी माझा चढणार नि माझा उतरणार. मला कुणी पोत्यासारखं उचललेलं चालणार नाही."

"हो, डॅडी," आम्ही दोघंही म्हणालो.

मी अकरा वर्षं एका क्लबच्या शेडमध्ये याच गाड्या सांभाळल्या आहेत. बॅटऱ्यांत पाणी भरलं, ब्रेक बदलले, आणि डॉक्टर-वकिलांनी सीटवर केलेल्या ओकाऱ्या धुतल्या. पण शिकारीची गाडी निवडायची म्हटल्यावर माझ्या भावाला, रँडलला, ही अकरा वर्षं आठवली नाहीत. तो सरळ एका चकचकीत हिरव्या गाडीपाशी गेला आणि तिच्यावर असा हात फिरवायला लागला की मला बघवेना.

ती समुद्राकाठच्या क्लबातून आलेली होती. मी पायाखालचं रबर उचललं आणि खालच्या लोखंडी चौकटीवर स्क्रूड्रायव्हर दाबला. शिळ्या मक्याच्या पावात जावा तसा तो आत गेला. खाऱ्या हवेने लोखंड पोखरलं होतं आणि वर नुसता रंग मारला होता. सीट उचलून बघितली, तर सहा बॅटऱ्यांपैकी तीन जुन्या आणि तीन नव्या, शिक्के वेगवेगळ्या वर्षांचे. अशा गाडीत जुन्या बॅटऱ्या नव्यांनाही घेऊन बुडतात.

"पोरी, शिकारीची गाडी वेगळी असते," हॉयट म्हणाला. मी एकावन्न वर्षांची आहे. आणि हा माणूस दम्यापायी स्वतःच्या घराच्या पायऱ्या थांबत थांबत चढतो.

मागच्या रांगेत एक मळकट पांढरी गाडी होती. चौकट ॲल्युमिनियमची, गंजायचा प्रश्नच नाही. सहाही बॅटऱ्या गेल्या वर्षीच्या. पुढच्या बाजूला क्लबचा सतरा नंबर तसाच. मी डॅडींना म्हटलं, बसून बघा. त्यांनी दांडी धरली, उजवा पाय टाकला आणि बसले. मग उतरले. पुन्हा बसले. मार्चनंतर त्यांचा चेहरा इतका मोकळा मी बघितला नव्हता.

"हिला उंच करता येत नाही," रँडल म्हणाला. "शिकारीच्या कॅम्पवर हिच्यातून गेलात ना डॅडी, तर सगळे विचारतील, टिडवेलसाहेब, गोल्फच्या काठ्या कुठे विसरलात?"

डॅडी हसले. हसता हसता खाली उतरले आणि गाडीपासून दोन पावलं लांब झाले.

"डॅडी, तुम्हाला हिच्यात चढता येतंय," मी म्हटलं.

"रोन्डा, तू आजवर किती हरणं मारलीस?"

"एकही नाही."

"मग रँडलला बघू दे."

घेतली हिरवी. कॅम्पवरच्या पाच-सहा दाढीवाल्यांनी नावं ठेवू नयेत म्हणून माझ्या बापाने सडकी गाडी घेतली, आणि मला त्याचाही वीट आला.

आठवड्याने रँडल गाडी घेऊन माझ्याच गॅरेजात हजर. वेल्डिंगचं यंत्र माझ्याकडे, जॅक माझ्याकडे. सहा इंच उंच करायचं सामान आणि ट्रॅक्टरला शोभतील असे टायर त्याने आणले होते. "डॅडींना सरप्राइज," तो म्हणाला. मी चौकट सांधली, गाडी उंच केली, टायर चढवले. मग टेप लावला. फूटभर उंचीची पायरी आता एकवीस इंचांवर गेली होती. रँडल बाजूला उभा राहून फोनवर फोटो काढत होता. तेव्हा बोलायला हवं होतं. मी टेप गुंडाळला आणि गप्प बसले. हे दोघं तोंडघशी पडावेत आणि ते मला बघायला मिळावं, एवढंच माझ्या मनात होतं.

हंगामाच्या पहिल्या दिवशी पहाटे पाचला मीही कॅम्पवर गेले. सांधलेली चौकट तपासायची, हे निमित्त. शेकोटीभोवती लोक सॉसेज घातलेली बिस्किटं, म्हणजे आमच्याकडचे छोटे मऊ पाव, खात होते. गाडी बघून सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या. डॅडींनी दांडी धरली, उजवा पाय उचलला, तो पायरीच्या खालीच आपटला. दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदा ते नकली पायावर डगमगले, तेव्हा रँडलने मागून त्यांचा पट्टा धरून त्यांना उचललं आणि सीटवर ठेवलं. "झाला माल भरून," तो म्हणाला आणि लोक हसले. डॅडी समोर बघत बसले. हसताना माझ्या भावाचे दात दिसत होते, त्यांना बिस्किट चिकटलेलं होतं.

त्याने त्यांना सोयाबीनच्या शेताच्या कडेला नेऊन सोडलं, गाडी बंद केली आणि दहाला येतो सांगून पलीकडच्या झाडावर स्वतःच्या मचाणावर जाऊन बसला. बंदुकीचा बार काही ऐकू आला नाही. सव्वानऊपर्यंत मी कसाबसा दम धरला आणि मग चालत निघाले.

वीस पावलांवरून वास आला. नर हरणाला भुलवायला मादीचं मूत बाटलीत विकत मिळतं. चिंधीवर दोन थेंब टाकून ती झुडपाला बांधायची असते. इथे अख्खी गाडी त्याने घमघमत होती. डॅडींच्या हातात रिकामी बाटली होती आणि पँट मांडीपासून बुटापर्यंत भिजलेली.

"झाकण सैल होतं," ते म्हणाले.

"सांडतं कधीकधी," मी म्हटलं.

पण अकरा वर्षं सीटा धुतलेल्या नाकाला फसवता येत नाही. हरणाच्या वासाखाली दुसरा वास होता, माणसाचा. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी घेऊन हा माणूस पाच वाजल्यापासून एकवीस इंचांवर अडकून बसला होता. फोन खिशात होता. तो केला असता तर रँडल आला असता, त्याने पुन्हा पट्टा धरला असता. म्हणून त्यांनी फोन केला नाही, आणि मग सगळं झाल्यावर बाटली उघडली.

मला माझीच शिसारी आली.

"चला, उतरवते तुम्हाला," मी म्हटलं. "माझ्याकडे दुसरी पँट आहे, ट्रकमध्ये. कुणी यायच्या आत."

त्यांनी माझ्या पुढे केलेल्या हाताकडे बघितलं.

"उंच तू केलीस ना ही?"

"हो."

"मोजली होतीस?"

खोटं बोलायला जागा होती. "मोजली होती," मी म्हटलं.

"रँडल मूर्ख आहे," ते म्हणाले. "त्याला आजही कळलेलं नाही. तो उचलेल मला."

"डॅडी, तो यायला अजून अर्धा तास आहे. गारठाल तुम्ही."

"तू हात लावू नकोस."

मी हात मागे घेतला. ते ओल्या सीटवर तसेच बसून राहिले, मी गाडीशेजारी उभी राहिले, आणि आम्ही दोघं त्या वासात रँडलची वाट बघत थांबलो.