पृथ्वीचं माप घेतलेली टेप

मित्रांनो, मी शिवणकामाची एक जुनी टेप आहे. अंगावरचे काही आकडे पुसले गेलेत, एका टोकाचा पत्रा निखळलाय. पण मला कमी लेखू नका, मी पृथ्वीचं माप घेतलंय!

कारखान्यात माझ्यावर आकडे छापले, माझी गुंडाळी केली आणि मी आले ती थेट शिवणाऱ्या मावशींच्या गळ्यात. मशीनच्या तालावर त्या गुणगुणायच्या,

सुई धावे पुढे बाई, दोरा मागे मागे,
दूर गेली लेक तरी, जीव तिथे लागे.

त्यांची लेक लग्न होऊन पृथ्वीच्या पार पलीकडे गेली होती. आता तिचे दिवस भरत आले होते. "आई, मला तूच हवीस," ती फोनवर म्हणाली. पण मावशींचा गुडघा धरलेला. डॉक्टरांनी बजावलं होतं, "एका बैठकीचा प्रवास चालेल. विमानं बदलत धावपळ करायची नाही."

थोरल्या मुलाने भिंतीवरच्या नकाशावर मला या विमानतळापासून त्या विमानतळापर्यंत ताणलं. मी पुरलेच नाही!

"बघ आई, टेप संपली तरी वाट संपेना. एका बैठकीत कशी पोचशील?"

मावशींनी मला उचलून पुन्हा गळ्यात घातलं. एक थेंब टपकन माझ्यावर पडला. माझ्या मापाने कुणी रडावं, असं कधी झालं नव्हतं.

मधे विमान बदलायचं तिकीट आधीच काढलेलं होतं. ते रद्द करायला दोघं तिकिटांच्या कचेरीत गेले.

"रद्द कशाला?" तिकीटवाली म्हणाली. "सरळ जाणारं विमान आहे की!"

"एवढं लांब? मी स्वतः मोजलंय," थोरला म्हणाला.

"कशावर?"

"नकाशावर."

"अहो दादा, पृथ्वी म्हणजे काय चादर आहे?" तिने टेबलावरचा पृथ्वीगोल पुढे ओढला. "मावशी, ती गळ्यातली टेप द्या बघू."

मला गळ्यातून काढायला मावशी विसरल्या होत्या, म्हणून माझं नशीब उघडलं! तिकीटवालीने मला आधी नकाशातल्या वाटेसारखं आडवं, गोलाच्या पोटाजवळून नेलं. मग बर्फाळ डोक्यावरून वळवलं. तेच दोन विमानतळ, पण या खेपेला मी चांगली चार बोटं कमी लागले!

"अगं बाई!" मावशी हसल्या. "पोटाचा घेर मोठा, डोक्याचा लहान. आमच्या गिऱ्हाइकांसारखंच की!"

"आणि वेळ?" थोरल्याने विचारलं.

"दोन जेवणं, एक झोप, एक सिनेमा. पोचल्या!"

"मग सिनेमा हसरा लावा," मावशी म्हणाल्या. थोरल्याने मुकाट्याने नवं तिकीट काढलं.

मित्रांनो, मावशींच्या गळ्यात बसून मी बर्फाच्या देशावरून उडत गेले! खाली सगळं पांढरंशुभ्र, जणू न कापलेलं तलम कापड. विमान उतरलं. दारापाशी लेक उभी होती, पोटावर हात ठेवून.

"आई, आलीस!"

"तुझ्या बाळाच्या आधी आले, बघ!"

त्या मिठीत मी दोघींच्या मधे पार चेंगरले. मोजायला तिथे अंतरच उरलं नव्हतं.

तेव्हा मित्रांनो, आम्हा टेपांना उगाच ताणू नका, चुरगाळून फेकू नका. आणि आपलं माणूस फार लांब आहे असं वाटलं, तर हात टेकण्याआधी एकदा गोलावर मोजून बघा. चला, मावशी हाक मारताहेत. बाळ आलंय, आणि त्याचं पहिलं माप मीच घेणार आहे!