धुलाईघरातला चहाडखोर

मित्रांनो, मी एक जुना डोळा आहे. दिवा लावला काय आणि मालवला काय, मला सारखेच. मला उजेड दिसत नाही, ऊब दिसते. गरम वस्तूंतून जे अवरक्त किरण बाहेर पडतात, ते तुम्हाला दिसत नाहीत. मी ते टिपतो आणि खालच्या पडद्यावर रंग दाखवतो. गार ते निळे, तापलेले ते पिवळे, धोक्याचे ते पांढरे. शेजारी अंशांचा आकडा. ऊब मला कळते, पण लागत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे माझ्या रडण्याची वाट बघत बसू नका.

एका कारखान्यातल्या धूळ नसलेल्या खोलीत माझा जन्म झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बाईने माझ्या तोंडावर करडे भिंग बसवले. ते साध्या काचेचे नव्हते. साध्या काचेतून ही ऊब आरपार येत नाही. मग माझ्यापुढे एकदा बर्फाचा खडा धरला, एकदा तापलेली पट्टी. दोन्ही आकडे बरोबर आले. "पास," बाई म्हणाल्या. एवढेच माझे कोडकौतुक.

पुढे मला एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात, घड्या घालायच्या टेबलासमोरच्या भिंतीवर लावले. तिथे चादरींबरोबर मालिशच्या खोलीतले टॉवेल येत. धुतले तरी त्यांतले तेल पुरते जात नाही. असे टॉवेल वाळवणयंत्रातून काढून गरम असतानाच गच्च बांधले, की गठ्ठ्याच्या पोटात ऊब वाढत जाते आणि आतल्या आत आग धुमसू लागते. माझ्याआधी ही राखण आक्का करत. घड्या घालणाऱ्या बायकांत त्या सर्वांत जुन्या. ढिगात कोपरापर्यंत हात घालून म्हणत, "थांबा गं, याच्या पोटात अजून ताप आहे." त्यांचा हात कधी चुकला नव्हता.

"आता हा मेला मला शिकवणार होय?" पहिल्या दिवशी मला बघून त्या म्हणाल्या. पण दर आठ दिवसांनी स्टुलावर चढून माझे भिंग पुसायचे काम त्यांनीच मागून घेतले. मऊ चिंधी फिरवताना पुटपुटत, "नातवाचं नाक पुसलं नाही एवढं तुझं पुसते."

साठ अंशांच्या वर काही दिसले की मी ठणाणा करत असे. टॉवेल असो, इस्त्री असो, नाहीतर किटली. आक्कांच्या शेजारची ठेंगणी हात जोडायची. "अरे बाबा, चहा आहे तो, वणवा नाही!" चहाडखोर हे नाव तिनेच ठेवले.

पुसताना आक्कांचा हात अगदी जवळ येई, तेव्हा मला एक गोष्ट दिसू लागली. त्यांच्या बोटांची टोके निळी होत चालली होती. आधी टोके, मग पेरे. पण पडद्यावरचे रंग कोण बघतो? सगळे आकडा बघत. एकदा टाचणी बोटात रुतली तरी आक्का घड्या घालतच राहिल्या. ठेंगणीने ती उपसली.

"आक्का, तुम्हाला कळलं नाही?"

"हळू बोल गं. हाताला कळत नाही म्हटलं की घरी बसवतील. एकतीस वर्षं इथं गेली, घरी मला विचारतं कोण?"

त्यानंतरही आक्का ढिगात हात घालत. पण नजर माझ्या आकड्यावर असे. हात नुसता दाखवण्यापुरता.

मग एक बाई स्टुलावरून घसरली आणि तिचा पाय मुरगळला. मुकादमांनी फर्मान काढले: यापुढे स्टुलावर कोणी चढायचे नाही, मिस्त्री शिडी आणून भिंग पुसेल. नियम सुरक्षेसाठीच होता. स्टूल कपाटामागे गेले. शिडी मात्र आली नाही.

कापडाच्या घरात हवेतही तंतू असतात. ते माझ्या भिंगावर बसू लागले. थर चढला, तसे माझे जग गार होत गेले. साठाचे आधी पन्नास, मग चाळीस दिसू लागले. इस्त्री गेली, किटली गेली, मी गप्प. आणि मित्रांनो, तेव्हा कुठे माझी स्तुती झाली. तपासणीला आलेल्या साहेबांना मुकादम सांगत होते, "आता शहाणा झालाय. वर्षभरात एकदाही बोंबलला नाही."

त्या दुपारी टॉवेलांचा ढीग छातीपर्यंत आला होता. माझा आकडा एक्केचाळीस. आक्कांनी आकडा पाहिला, ढिगात हात घातला, जरा वेळ आतच ठेवला आणि म्हणाल्या, "गार आहे. बांधा."

ठेंगणीने दोरीला पीळ दिला आणि नाक वर केले. "आक्का, कसला वास येतोय?"

गठ्ठ्याच्या शिवणीतून धूर निघाला. मिस्त्री आग विझवायचे नळकांडे घेऊन धावला. फवारा मारला आणि आग विझली. मला तेव्हाही एक्केचाळीसच्या पुढे फार काही दिसले नाही.

"मला काही झालं नाही हो," आक्का मुकादमांना म्हणाल्या. ठेंगणीने त्यांचा हात धरून उलटा केला. तळहातावर फोड आले होते.

"कधीपासून कळत नाही, आक्का?" मुकादमांनी विचारले.

"दोन वर्षं झाली असतील." मग माझ्याकडे मान करून, "याच्यावर भागत होतं."

कामावरच्या शेवटच्या दिवशी आक्कांनी स्वतःच कपाटामागचे स्टूल ओढले. मुकादम स्टुलाचे पाय धरून उभे राहिले, नियमाचे बोलले नाहीत. पट्टी नसलेल्या हाताने आक्कांनी माझे भिंग पुसले. थर निघाला आणि सगळे स्वच्छ दिसले. वाळवणयंत्र पांढरे, मुकादमांचा चेहरा पिवळा. आक्कांची बोटे निळी, मागच्या भिंतीच्या निळ्याशी इतकी मिळालेली, की हात कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते कळेना. मला वाईट वाटले, असे म्हणायची रीत आहे. मला काही वाटले नाही. मी आकडा दाखवला: तेवीस.

आता माझ्या जागी नवा डोळा आहे. मी लोखंडी कपाटात असतो. इथे सगळे एकाच रंगाचे.

मित्रांनो, यंत्र असो की घरातले माणूस, रोज कुरकुर करणारे कोणी एकाएकी गप्प झाले, तर त्याला शहाणे म्हणू नका. स्टूल काढा, वर चढा आणि जवळून बघा. पाय धरायला कोणीतरी असू द्या.